ज्याच्या नावाने आज कंबर बारीक करायचे रील्स चालतात, तो जोसेफ पिलाटीज होता तरी कोण?

पोटाचा घेर कमी करायचा म्हणून यूट्यूबवर सर्च मारला की चार-पाच व्हिडिओंत एक तरी पिलाटीजचा निघतोच. एखादी हिरोईन स्प्रिंगा लावलेल्या, सरकणाऱ्या पलंगावर आडवी होऊन हातपाय ताणत असते. खाली लाइक्सचा पाऊस, आणि कमेंटमध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न: किती दिवसांत पोट आत जाईल?

आता पिलाटीज हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की हे एखाद्या महागड्या कॉफीचं नाव असावं. तर तसं नाही. पिलाटीज हे एका माणसाचं आडनाव आहे. जोसेफ पिलाटीज. लहानपणी दम्याने बेजार झालेला, पहिल्या महायुद्धात काटेरी तारांच्या आड कैदेत पडलेला आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये जायबंदी डान्सर लोकांना पुन्हा पायावर उभं करणारा एक जर्मन गडी.

त्याची गोष्ट माहीत असलेली बरी. कारण आज त्याच्या नावावर जे विकलं जातं आणि त्याने आयुष्यभर जे शिकवलं, त्यात बराच फरक आहे. आणि हा फरक कळला नाही तर कंबर बारीक होण्याआधी कंबर धरण्याचीच वेळ येते.

दम्याने बेजार झालेलं पोर

जोसेफचा जन्म ९ डिसेंबर १८८३ चा, जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाख या गावातला. वडील धातूकाम करणारे कारागीर, पण त्यांना जिम्नॅस्टिक्सचा नाद होता. त्या काळी जर्मनीत गावोगावी जिम्नॅस्टिक्सचे क्लब होते. आपल्याकडे तालमीला जे स्थान होतं, साधारण तसंच.

पण पैलवानाच्या घरात अशक्त पोर जन्मावं तसं झालं. जोसेफला दमा होता, मुडदूस होता, वर संधिवाताचा तापही येऊन गेला होता. थोडक्यात छाती कमजोर, हाडं कमजोर आणि सांधे दुखरे. अशा पोराला लोक सावलीत बसवतात, खेळायला पाठवत नाहीत.

हे पोर मात्र बसलं नाही. शरीर आतून कसं चालतं याची पुस्तकं त्याने वाचायला घेतली. कुठला स्नायू कुठे चिकटतो, कुठलं हाड कसं फिरतं याचा नाद लागला. जिम्नॅस्टिक्स, बॉक्सिंग, डायव्हिंग, स्कीइंग असं जे मिळेल ते केलं. असं सांगतात की चौदा वर्षांचा होईपर्यंत त्याचं शरीर इतकं रेखीव झालं होतं, की शरीररचनेचे तक्ते काढण्यासाठी त्याला समोर उभं केलं जायचं.

त्याच्याबद्दलच्या कथांत थोडी मीठमिरची असते, हे आधीच सांगून ठेवतो. कारण यातल्या बऱ्याच कथा खुद्द त्यानेच पुढे सांगितलेल्या आहेत आणि स्वतःबद्दल कमी बोलणं हा त्याचा स्वभाव नव्हता. पण एक गोष्ट पक्की. त्याने व्यायाम सुरू केला तो नीट श्वास घेता यावा, नीट उभं राहता यावं म्हणून. ही सुरुवात लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

काटेरी तारांच्या आड

१९१२ च्या सुमारास जोसेफ इंग्लंडला गेला. तिथे तो बॉक्सिंग करायचा, सर्कशीतही काम केलं असं सांगितलं जातं. सगळं बरं चाललं होतं आणि १९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं.

ब्रिटन आणि जर्मनी समोरासमोर उभे राहिले. मग ब्रिटनमध्ये राहणाऱ्या जर्मन पुरुषांचं काय करायचं? सरकारने त्यांना शत्रू देशाचे नागरिक ठरवलं आणि उचलून छावण्यांत टाकलं. गुन्हा काही नाही, फक्त पासपोर्ट जर्मन. जोसेफला आधी लँकेस्टरला ठेवलं आणि तिथून नॉकालो या छावणीत हलवलं.

नॉकालो ही छावणी आइल ऑफ मॅन नावाच्या बेटावर होती. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रातलं हे बेट. तिथे लाकडी झोपड्यांची रांगच्या रांग आणि भोवती काटेरी तारा. एका वेळी २३ हजारांहून जास्त माणसं या छावणीत कोंडलेली होती.

अशा छावणीत मारहाणीपेक्षा मोठा शत्रू असतो रिकामपण. सकाळी उठायचं, रांगेत उभं राहायचं, जेवायचं आणि पुन्हा आडवं व्हायचं. किती दिवस? माहीत नाही. वर्षानुवर्षं असं पडून माणसं खंगायला लागली. चिडचिड, विसरभोळेपणा, कशातच रस नाही. त्या काळच्या डॉक्टरांनी या अवस्थेला नावच दिलं होतं, काटेरी तारेचा आजार.

जोसेफने इथे काय केलं, तर सोबतच्या कैद्यांना व्यायामाला लावलं. ना जागा, ना डंबेल्स, ना पोटभर जेवण. त्यामुळे जमिनीवर चटई किंवा चादर टाकून करता येतील असे व्यायाम त्याने बसवायला घेतले. पुढे तो एक गोष्ट सांगायचा. बेटावरच्या मांजरांकडे तो तासन्‌तास बघत बसे. माणसं खंगतायत आणि खायला तेवढंच कमी असून मांजरं मात्र चपळ कशी? त्याला उत्तर सापडलं. मांजर उठल्या उठल्या आधी अंग ताणतं. पाठ, पाय, मान, सगळं. माणूस उठतो आणि खुर्चीत बसतो.

छावणीतली अजून एक गोष्ट प्रसिद्ध आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या खाटांना त्याने स्प्रिंगा बांधल्या, म्हणजे झोपल्या झोपल्या हातपाय ओढून व्यायाम करता येईल. आजच्या त्या सरकत्या पलंगाची कल्पना इथून आली असं सांगितलं जातं. आणि १९१८ च्या फ्लूच्या साथीत जोसेफकडे व्यायाम करणारा एकही कैदी दगावला नाही, असंही सांगतात. हे दुसरं जरा चिमूटभर मीठ घालून घ्या. त्याला धड पुरावा नाही आणि व्यायामाने फ्लू थांबत नाही.

स्प्रिंगेमागचं डोकं मात्र खरंच भारी होतं. लोखंडी वजन उचललं की ते तुम्हाला फक्त खाली खेचतं. स्प्रिंग तसं करत नाही. ती ताणताना विरोध करते आणि परत येताना आधारही देते. शिवाय माणूस आडवा असल्यामुळे मणक्यावर उभ्या शरीराचा भार नसतो. म्हणजे ज्याला उभं राहणंही जमत नाही, त्यालाही व्यायाम करता येतो.

न्यूयॉर्कचा आठवा ॲव्हेन्यू

युद्ध संपलं. जोसेफ जर्मनीला परतला, काही वर्षं तिथे शिकवलं आणि १९२६ ला त्याने अमेरिकेचं जहाज पकडलं. या जहाजावर त्याला क्लारा भेटली असं सांगतात. पुढची चाळीस वर्षं ती त्याच्यासोबत होती.

न्यूयॉर्कमध्ये ९३९, आठवा ॲव्हेन्यू या पत्त्यावर दोघांनी आपला व्यायामाचा स्टुडिओ थाटला. १९२७ मध्ये त्याच्या सरकत्या यंत्राला अमेरिकेत पेटंटही मिळालं. आता धंदा जोरात चालायला हवा होता. पण तो काळ वजनं उचलणाऱ्यांचा आणि दंड फुगवणाऱ्यांचा होता. चटईवर आडवं होऊन हळूहळू पाय हलवणाऱ्या व्यायामाला कोण विचारणार?

विचारलं ते डान्सर लोकांनी. जागा मोक्याची होती. ब्रॉडवेची थिएटर्स जवळ, आजूबाजूला नाचाचे स्टुडिओ. डान्सर माणसाचं सगळं पोट त्याच्या शरीरावर चालतं. गुडघा गेला, पाठ गेली की काम गेलं. त्या काळी डॉक्टरांचा सल्ला ठरलेला असायचा, पडून राहा. आणि महिनाभर पडून राहिलेला डान्सर उठायचा तेव्हा आधीपेक्षा कमजोर झालेला असायचा.

जोसेफ उलटं करायचा. दुखावलेला भाग सांभाळून बाकीचं शरीर चालू ठेवायचा. ही खबर पसरली. जॉर्ज बॅलनचीन आणि मार्था ग्रॅहम ही अमेरिकन नृत्यातली त्या काळची सगळ्यात मोठी नावं. त्यांचे डान्सर जखमी झाले की जोसेफच्या दारात यायला लागले. इव्ह जेन्ट्री नावाच्या एका डान्सरचं स्तनाच्या कॅन्सरमुळे मोठं ऑपरेशन झालं होतं. छातीचे स्नायू गेल्यामुळे तिचा हात वर जाईना. जोसेफने तिच्यासोबत हळूहळू काम केलं आणि ती पुन्हा हात हलवायला लागली, पुढे स्वतः शिकवायलाही लागली.

शिकवताना हा माणूस भलताच कडक. काळी चड्डी, उघडं अंग आणि जोरदार आवाज. समोरचा कितीही मोठा स्टार असो, चुकला की ओरडा ठरलेला. क्लारा त्याच्या उलट. शांत, हळू बोलणारी, माणसाला काय झेपेल ते ओळखणारी. खूप दुखणारी, घाबरलेली माणसं तिच्याकडे जायची. स्टुडिओ जोसेफच्या नावाने चालला, पण तो टिकला क्लारामुळे असं मानणारे त्यांच्या विद्यार्थ्यांत बरेच होते.

पोट आत ओढा, पण कशासाठी?

जोसेफने आपल्या पद्धतीला स्वतःचं आडनाव दिलं नव्हतं. तो तिला कंट्रोलॉजी म्हणायचा, म्हणजे शरीरावर ताबा मिळवण्याची विद्या. १९३४ ला त्याचं एक पुस्तक आलं. १९४५ ला दुसरं आलं आणि त्यात चटईवरचे ३४ व्यायाम फोटोंसकट दिले. फोटोत तो स्वतः, वय साठीला टेकलेलं.

या व्यायामांत एक सूचना सतत येते. पोट आत घ्या. हात हलवायचा असो की पाय, आधी मधला भाग स्थिर करायचा आणि मगच हालचाल. त्याचा सगळ्यात प्रसिद्ध व्यायाम म्हणजे द हंड्रेड. पाठीवर झोपून डोकं आणि पाय थोडे उचलायचे, हात शरीराशेजारी वरखाली हलवायचे. पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर, असं करत शंभरपर्यंत जायचं.

आता आजच्या रीलमध्ये पोट आत घ्या म्हटलं की अर्थ होतो, बारीक दिसा. जोसेफच्या डोक्यात गणित वेगळं होतं.

ते समजण्यासाठी एक डबा डोळ्यांसमोर आणा. झाकण म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला श्वासपटल. तळ म्हणजे ओटीपोटाखालचे स्नायू, जे लघवीवर ताबा ठेवतात. मागची भिंत म्हणजे मणक्याला चिकटलेले छोटे छोटे स्नायू. आणि पुढून, बाजूने कंबरपट्ट्यासारखा गुंडाळलेला पोटाचा सगळ्यात आतला स्नायू. हा सगळा डबा म्हणजे कोअर. सिक्स पॅक दिसतात तो स्नायू या डब्याच्या बाहेरचा, सगळ्यात वरचा थर आहे.

तुम्ही बादली उचलता, पोराला कडेवर घेता, बस पकडायला धावता, तेव्हा हा डबा आधी घट्ट होतो आणि मणक्याला आधार देतो. जोसेफ हे अंदाजाने आणि अनुभवाने शिकवत होता. त्याच्या मृत्यूनंतर जवळपास तीस वर्षांनी, १९९६ ला, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं. निरोगी माणसाने नुसता हात उचलला तरी पोटाचा तो आतला पट्टा हात हलण्याच्या आधी आवळला जातो. कंबरदुखी असलेल्यांमध्ये तो उशिरा आवळला जात होता.

अजून एक गोष्ट. त्याच्या पुस्तकात बहुतेक व्यायाम मोजकेच वेळा करायला सांगितलेत, कुठे तीन, कुठे पाच, कुठे दहा. सुरुवात रोज दहा मिनिटांनी करा आणि आठवड्यातून चार वेळा, सलग तीन महिने केल्यावरच निकालाची अपेक्षा ठेवा, असा त्याचा हिशोब होता. सात दिवसांत सपाट पोट हे त्याच्या कुठल्याच हिशोबात बसत नव्हतं.

जे त्याचं चुकलं

आता भक्ती बाजूला ठेवून बोलू. जोसेफ डॉक्टर नव्हता, संशोधक नव्हता. त्याचे दावे मात्र आकाशाला भिडायचे. आपली पद्धत साऱ्या जगाने स्वीकारली तर बहुतेक आजार पळतील असं त्याला मनापासून वाटायचं. डॉक्टर मंडळी आपल्याला विचारत नाहीत याचा राग होता. आपण काळाच्या पन्नास वर्षं पुढे आहोत असं तो सांगायचा. पण मोजमाप, नोंदी, तुलना असं काही त्याने मागे ठेवलं नाही.

काही बाबतीत तो चुकलाही. पाठीवर झोपल्यावर कणा पूर्ण सपाट जमिनीला चिकटवायचा, यावर त्याचा भर होता. आज फिजिओथेरपिस्ट कमरेचा नैसर्गिक बाक राखून व्यायाम करायला सांगतात. त्याच्या ३४ व्यायामांत पाठ गोल करून पुढे वाकायचे आणि मानेवर भार टाकून पाय डोक्यामागे न्यायचे प्रकार बरेच आहेत. तयार डान्सरला ते जमतात. दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसणाऱ्याने पहिल्याच दिवशी केले तर मान आणि कंबर दोन्ही बोलायला लागतात.

आणि सगळ्यात मोठा विरोधाभास. श्वासाला सगळ्यात जास्त महत्त्व देणारा, लहानपणी दम्याशी भांडलेला हा माणूस सिगार ओढायचा. १९६२ ला स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडसारख्या मोठ्या मासिकाने त्याच्यावर लेख केला, तेव्हा तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता आणि तरीही तगडा दिसत होता. पण आत फुफ्फुसं खराब होत होती. ९ ऑक्टोबर १९६७ ला, वयाच्या ८३ व्या वर्षी, एम्फिसीमा या फुफ्फुसांच्या आजाराने तो गेला. कोअर कितीही मजबूत असला तरी धूर आपलं काम करतोच.

त्याच्यामागे क्लाराने स्टुडिओ चालू ठेवला. १९७७ ला तीही गेली. पण शिकलेले विद्यार्थी होते. रोमाना क्रिझानोव्स्का यांनी न्यूयॉर्कचा वारसा सांभाळला, रॉन फ्लेचर यांनी कॅलिफोर्नियात स्टुडिओ काढला आणि तिथून ही गोष्ट हॉलिवूडमध्ये पोचली.

मग नावावरून भांडण लागलं. पिलाटीज या नावावर हक्क कुणाचा? प्रकरण कोर्टात गेलं आणि २००० मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने निकाल दिला की योगा, कराटे यांसारखंच पिलाटीज हे एका व्यायामप्रकाराचं नाव झालं आहे, त्याचा ट्रेडमार्क कुणाकडे असू शकत नाही. तेव्हापासून कुणीही बोर्ड लावू शकतो. शिकलेलाही आणि न शिकलेलाही.

मग कंबर कशाने कमी होते?

आता कमेंटमधल्या प्रश्नाकडे येऊ. पोटाचे व्यायाम करून पोटावरची चरबी जाते का?

२०११ ला अमेरिकेत एक छोटा प्रयोग झाला. २४ जणांचे दोन गट केले. एका गटाने सहा आठवडे पोटाचे व्यायाम केले, दुसऱ्याने केले नाहीत. शेवटी मोजलं तर व्यायाम करणाऱ्यांची पोटाची ताकद वाढली होती, पण पोटावरची चरबी किंवा कमरेचा घेर काही कमी झाला नव्हता.

कारण साधं आहे. शरीर चरबी जाळतं ती सगळीकडून गोळा करून. कुठला स्नायू काम करतोय त्याच्या वरचीच चरबी वापरायची, असा काही नियम शरीरात नाही. स्नायू आणि त्यावरची चरबी शेजारी राहतात, पण त्यांचा स्वयंपाक वेगळा असतो.

म्हणजे कामं दोन आहेत. कोअरचे व्यायाम कंबरेला आधार देतात. आणि कमरेचा घेर कमी होतो तो खाणं आटोक्यात आणून, रोज अंग हलवून आणि झोप नीट घेऊन. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं दमवणारं चालणं किंवा तसा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. पिलाटीज या दोन दिवसांत बसतं, त्या १५० मिनिटांची जागा घेत नाही. पोटाला बांधायचे घामाचे पट्टे तर फक्त पाणी काढतात. दोन ग्लास पाणी प्यायलं की हिशोब पुन्हा तिथेच.

घेर मोजणं मात्र गरजेचं आहे, आणि ते फोटोसाठी नाही. पोटाच्या आत, अवयवांभोवती साठणारी चरबी मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेते. भारतीयांसाठी धोक्याची रेघ पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर अशी धरली जाते. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या देशभरातल्या पाहणीत ३९.५ टक्के प्रौढांचं पोट सुटलेलं आढळलं. टेप लावताना शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावा, श्वास साधा बाहेर सोडा आणि पोट आत ओढून स्वतःलाच फसवू नका.

घरी करायचं तर कसं करायचं?

पिलाटीजचा कंबरदुखीवर उपयोग होतो का, यावर २०१५ मध्ये कोक्रेनने तोवरचे प्रयोग एकत्र तपासले. निष्कर्ष असा होता की काहीच न करण्यापेक्षा पिलाटीज बरं, पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. म्हणजे महागड्या पलंगावाचून काही अडत नाही. घरातली सतरंजी पुरते.

सुरुवात श्वासाने करा. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, हात बरगड्यांवर ठेवा. श्वास घेताना बरगड्या बाजूला फुलू द्या, सोडताना पोट हलकं आवळा. कुणी बोटाने टोचणार आहे असं वाटल्यावर पोट जेवढं घट्ट होतं, तेवढंच. श्वास कोंडून ठेवायचा नाही. बीपी असलेल्यांनी तर अजिबात नाही.

मग त्याच स्थितीत एकेक पाय उचला, गुडघा वाकलेलाच ठेवा. याला डेड बग म्हणतात. कमरेचा बाक आहे तसाच राहिला पाहिजे. पाय खाली नेताना कंबर वर उचलली गेली, तर समजा की पाय फार खाली नेलात.

पुढे बर्ड डॉग. हात आणि गुडघे टेकून उजवा हात आणि डावा पाय सरळ करा, दहा सेकंद थांबा, मग बाजू बदला. पाठीवर पाण्याचा पेला ठेवलाय आणि तो सांडायचा नाही, असं समजा. त्यानंतर गुडघे टेकवून साइड प्लँक, तोही दहा-दहा सेकंदांचाच. पाच मिनिटांचा प्लँक मारून रेकॉर्ड करायचं काही कारण नाही. अंग थरथरायला लागलं, कंबर खाली लोंबायला लागली की तो सेट संपला.

मानेमागे हात बांधून झटक्यात उठबस करणारे क्रंचेस सोडले तरी चालतील. त्यात पोटापेक्षा मानच जास्त ओढली जाते.

काही जणांनी आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवल्याशिवाय सुरूच करू नये. बाळंतपण नुकतंच झालेल्या बायका त्यात पहिल्या. गरोदरपणात पोटाचे मधले स्नायू एकमेकांपासून लांब जातात आणि उठताना पोटाच्या मध्यावर उभा उंचवटा दिसत असेल तर क्रंचेसने तो वाढू शकतो. हर्निया असलेले, पोटाचं ऑपरेशन झालेले लोकही यात आले.

हाडं ठिसूळ झालेल्या आई-आजींना पुढे वाकून पाठ गोल करायचे व्यायाम देऊच नका. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या १९८४ च्या अभ्यासात पाळी गेलेल्या आणि हाडं ठिसूळ झालेल्या बायकांपैकी असे वाकायचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये मणक्याचे नवे फ्रॅक्चर ८९ टक्के जणींना दिसले. पाठ मागे ताणायचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १६ टक्के होतं.

आणि व्यायाम करताना कळ पायात उतरली, पाय बधिर झाला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर रील बंद करा आणि थेट हॉस्पिटल गाठा. तिथे वाट बघायची नसते.

नाव आज कुणाच्या मालकीचं नाही, त्यामुळे शिकवणारा निवडताना एवढंच बघा. पहिल्या दिवशी तो तुम्हाला काय दुखतंय ते विचारतो, की थेट सात दिवसांचं पॅकेज दाखवतो? क्लारा असती तर तिने आधी दुखणंच विचारलं असतं.